नेहमीसारखा रस

प्रभुभोजनाचा रस मी एकोणीस वर्षं केला. दर दोन महिन्यांनी पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत प्रभूच्या मेजावरची भाकर आणि घोटभर रस घ्यायचा, आणि आदल्या शनिवारी दुपारी मी मनुका निवडायला बसायचे. काळ्या मनुका घ्यायच्या, देठ काढायचे, तीन पाण्यांनी धुवायच्या, तासभर भिजवायच्या, मग मंद आचेवर चांगल्या उकळायच्या. निवल्या की हातानं कुस्करून मलमलीच्या फडक्यातून गाळायच्या. शनिवारी केलेला रस रविवारी सकाळी चांगला असतो. त्याच्या आधी करायचा नाही. हे मला माझ्या आधीच्या बाईनं सांगितलं होतं, आणि तिला तिच्या आधीच्या बाईनं.

घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या छपराची एक लांबट इमारत होती, तीच आमची उपासनेची जागा. आम्ही नगरकडून आलेली ख्रिस्ती माणसं. गावाकडच्या सवयीनं तिला देऊळच म्हणायचो. मंडळीत पन्नास-साठ घरं. कुणी रेल्वेत, कुणी म्युनिसिपालटीत, कुणी साकीनाक्याच्या वर्कशॉपांत. पुढं माहुलला तेलाचे कारखाने उभे राहिले तेव्हा चार-पाच जण तिकडं लागले. देवळाच्या मागं एक खोली होती, तिच्यात मी राहायचे. माझा नवरा वारला त्या वर्षी मंडळीनं ती मला दिली. त्या बदल्यात झाडलोट, बाकं पुसणं, घंटा देणं आणि रस. खोलीच्या दाराशी पेरूचं झाड होतं. जगात मला दुसरी जागा नव्हती. हे आधीच सांगते, कारण पुढं जे केलं ते त्या खोलीपायी केलं.

बावन्न सालच्या मे महिन्यात माझ्या बहिणीच्या मुलीचं, शुभाचं, कल्याणला लग्न होतं. लग्न शनिवारी आणि प्रभुभोजन रविवारी. मी विचार केला, गुरुवारीच रस करून ठेवावा. स्टोव्हमधलं रॉकेल संपत आलं होतं, म्हणून नुसती एक उकळी आणून पातेलं उतरवलं. वर गुळाचा खडा टाकला. बरणीत भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि शुक्रवारी निघून गेले.

रविवारी पहाटेच्या गाडीनं परत आले. फडकं सोडलं तर वर बोटभर फेस. बुडबुडे येत होते. वास ताडीसारखा.

त्या वेळी दारूबंदी नवी नवी कडक होती. हवालदार रस्त्यात माणसाला उभं करून तोंडाचा वास घ्यायचे. आणि माझ्या बरणीत, प्रभूच्या मेजावर ठेवायला, हे. मनुका आणाव्या तर दुकानं उघडली नव्हती. पहिली घंटा द्यायची वेळ झाली होती. मी फेस काढला, साखर घातली, पाणी घातलं, आणि छोट्या काचेच्या पेल्यांत भरून तबक झाकून ठेवलं.

मे महिना म्हणून अर्धी मंडळी गावाला गेलेली. पेल्यात घोटभरच असतो. कुणाच्या लक्षात आलं नाही. एक म्हातारे गृहस्थ जाताना म्हणाले, "जानकीबाई, आज रसानं घसा मोकळा झाला बघा." मी हसले. हसू कसं आलं देवाला माहीत.

माणसं कमी, म्हणून रस बराच उरला. मेजासाठी केलेलं मोरीत ओतायचं नाही, अशी आमच्यात रीत होती. उरलेलं तिथंच कुणीतरी पिऊन संपवायचं, नाहीतर पेरूच्या मुळाशी घालायचं. मी नेहमी पेरूलाच घालायचे. पण त्या दिवशी पेरूच्या सावलीत जयवंतराव रणभिसे आणि दुसरे दोन पंच बाक टाकून बसले होते. जयवंतराव म्हणजे मंडळीचे मुख्य पंच, रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क. त्यांच्या पायाशी मी ते ओतलं असतं तर वास लगेच वर गेला असता.

पेले विसळायला सहदेव होता.

सहदेव आढाव साकीनाक्याला एका वर्कशॉपात कानस घासायचं काम करायचा. पूर्वी फार प्यायचा. पगाराच्या दिवशी त्याची बायको विमला वर्कशॉपच्या दाराशी जाऊन उभी राहायची, तरी हा मागच्या बाजूनं जायचा. मग तीन वर्षांपूर्वी एका रविवारी तो मंडळीपुढं उभा राहिला आणि म्हणाला, मी सोडली. आणि खरंच सोडली. तेव्हापासून पेले विसळायचं काम त्यानं आपणहून मागून घेतलं होतं. प्रभुभोजनाच्या आदल्या रात्रीपासून तो काही खायचा नाही.

मी त्याच्या हातात पातेलं दिलं. म्हटलं, "सहदेव, एवढं संपव रे. बाहेर पंच बसलेत, त्यांच्यातून कुठं ओतायला जाऊ."

तो म्हणाला, "दे, मावशी."

एवढंच झालं. रिकाम्या पोटी तो ते प्याला आणि उन्हातून घरी गेला. विमलानं दार उघडलं आणि तिला वास आला. चाळीत सगळ्यांनाच आला. तिनं त्याला पूर्वीच सांगून ठेवलं होतं, पुन्हा एकदा जरी झालं तर मी राहणार नाही. संध्याकाळच्या गाडीनं ती लेकीला घेऊन राहुरीला आईकडं गेली. आठ महिने आली नाही.

गुरुवारी पंच बसले. मलाही बोलावलं होतं. सहदेव भिंतीशी उभा होता.

जयवंतरावांनी विचारलं, "काय प्यालास आणि कुठं?"

सहदेव म्हणाला, "देवळात होतं तेच प्यालो."

जयवंतरावांचा चेहरा काळा पडला. ते वाईट माणूस नव्हते. पण त्यांना वाटलं, हा प्यायचा तो प्यालाच, आणि वर मेजाची चेष्टा करतोय. ते माझ्याकडं वळले. "जानकीबाई, त्या दिवशी रस कसा होता?"

मी माझ्या खोलीकडं बघितलं. खिडकीतून दिसत होती. दाराला मी नवीन पडदा लावला होता, शुभाच्या लग्नात मिळालेल्या साडीचा.

मी म्हटलं, "नेहमीसारखा."

जयवंतरावांनी वहीत काहीतरी लिहिलं, माझा अंगठा शाईत बुडवून खाली उठवला, आणि मला जायला सांगितलं. सहदेवनं माझ्याकडं पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही. मी त्याच्याकडं पाहिलं नाही.

त्याला मेजापासून दूर ठेवलं, म्हणजे प्रभुभोजन बंद. मंडळीपुढं उभं राहून, मी दारू प्यालो, मला पश्चात्ताप होतो, एवढं म्हटलं की परत घेणार होते. त्यानं ते कधी म्हटलं नाही. आणि यायचंही सोडलं नाही. दर रविवारी मागच्या बाकावर बसायचा. प्रभुभोजनाच्या दिवशी उपासना चालवणारे पाळकसाहेब भाकर हातात घ्यायचे तेव्हा तो उठायचा, चपला हातात धरून मागच्या दारानं बाहेर जायचा आणि पेरूखाली उभा राहायचा. शेवटचं गीत सुरू झालं की आत यायचा. अशी पाच वर्षं.

माझं म्हणाल, तर मी फार पश्चात्ताप केला. रोज केला. सकाळी झाडू हातात घ्यायच्या आधी गुडघे टेकून रडायचे. उपासकाळात चाळीस दिवस एक वेळ जेवायचे. विमला परत आली तेव्हा तिच्या मुलीसाठी झबली शिवून दिली, सणाला करंज्या नेऊन दिल्या. विमला म्हणायची, "मावशी, तुझ्यासारखं माणूस नाही गं." ते ऐकून मी घरी येऊन आणखी रडायचे. रडून झालं की हलकं वाटायचं, आणि मी स्टोव्ह पेटवून चहा करायचे. सहदेव मात्र पेरूखालीच.

प्रभुभोजनाच्या आधीच्या शुक्रवारी आमच्यात तयारीची सभा असायची. तिच्यात पाळकसाहेब विचारायचे, "कुणाचं कुणाशी वाकडं आहे का? असेल तर आधी मिटवा, मग मेजाकडं या." कधी नळावरून भांडलेल्या दोघी बायका उठून एकमेकींच्या हाताला हात लावायच्या आणि बसता बसता पुन्हा तोंड फिरवायच्या. मी दर वेळी खाली मान घालून बसायचे. रविवारी भाकरही घ्यायचे, रसही घ्यायचे. रस आता शनिवारीच करायचे, चांगला उकळून. इतका उकळायचे की काकवीसारखा व्हायचा.

छपन्न साली जयवंतरावांची मुलगी नलिनी हिनं दुपारी बायकांसाठी वर्ग काढला. पाटी, पेन्सिल, तिथंच देवळात. माझं वय तेव्हा अठ्ठावन्न. मी झाडायलाच आलेली असायचे, म्हणून बसले. सहा महिन्यांत मला मोठं अक्षर वाचता येऊ लागलं, मग पवित्र शास्त्रातलं बारीकही. मग असं झालं की दिसेल ते वाचायची खोड लागली. काड्यापेटी, तिकीट, औषधाची बाटली.

सत्तावन्नच्या जानेवारीत मी कपाट पुसत होते. सभेच्या वह्या वर्षानुवर्षं मीच पुसत आले होते. त्या दिवशी एक उघडली. जयवंतरावांचं अक्षर सुबक आहे, वाचायला सोपं. पानं उलटताना एका पानावर अंगठा दिसला. त्याच्यावरची रेघ मी ओळखली. लहानपणी विळीनं कापलेल्या जागेची ती आडवी रेघ होती. अंगठा माझा होता.

बोट ठेवून वाचलं. "सहदेव आढाव यांनी मद्यप्राशन केले व त्याचा दोष प्रभूच्या मेजावर ठेवला." मद्यप्राशन हा शब्द मला तीनदा वाचावा लागला. "रस नेहमीसारखा होता अशी साक्ष श्रीमती जानकीबाई भालेराव यांनी दिली. सबब, पश्चात्ताप दिसेपर्यंत सहदेव यांस मेजापासून दूर ठेवण्यात येत आहे."

मी तिथंच बाकावर बसले. मला वाटायचं मी एक शब्द बोलले होते, आणि तो पाच वर्षांत माझ्या रडण्यानं थोडाथोडा पुसला गेला असेल. तो पुसला नव्हता. तो शाईत होता. मी रडत होते तेव्हाही तो कपाटात होता, आणि दर आठवड्याला मीच त्याच्यावरची धूळ झाडत होते. पश्चात्ताप दिसेपर्यंत, असं लिहिलं होतं. कुणाचा दिसेपर्यंत, हे मी स्वतःला विचारलं आणि मला फार थकल्यासारखं झालं. त्या दिवशी रडू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी असल्फ्याच्या रस्त्यानं मी चालत साकीनाक्याला गेले. सहदेवचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड. जेवणाची सुट्टी होती. तो डबा संपवून हात पुसत होता.

"मावशी, तू इकडं कुठं? कोण गेलं का?"

"कुणी गेलं नाही. तुझ्याशी बोलायचंय."

"मग बस. त्या पिंपावर नको, तेल लागंल. लुगड्याची वाट लागंल. इथं बस."

त्यानं पोतं टाकलं. मी बसले. बोलायचं सगळं वाटेत जुळवलं होतं, ते गेलं.

"त्या दिवशीचा रस आंबला होता," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मला माहीत होतं, सहदेव. तुझ्या हातात दिला तेव्हा माहीत होतं. सकाळीच फेस काढला होता मी."

तो हात पुसायचा थांबला. मग म्हणाला, "हे मात्र मला माहीत नव्हतं."

"मग तुला काय वाटलं होतं?"

"मला वाटलं, बाईमाणूस, हिला काय कळतंय. नेहमीसारखा म्हणाली म्हणजे हिला तसाच लागला असंल. पाच वर्षं मी तेच धरून होतो." तो जरासा हसला. "म्हणून तुझ्यावर राग नव्हता. आता धरावा लागंल."

"धर."

"बघू. इतक्या उशिरा धरता येतो का ते."

शेडच्या बाहेर कुणीतरी पत्रा ठोकायला लागलं. सहदेव ते थांबेपर्यंत थांबला.

"मावशी, आता माझं ऐक. मला पहिल्याच घोटाला कळलं होतं. पंधरा वर्षं प्यालेला माणूस मी, मला कळणार नाही? पातेलं खाली ठेवायचं होतं. नाही ठेवलं. तळाशी होतं तेवढं प्यालो, आणि बोट फिरवून चाटलं. पंच म्हणाले, गुत्त्यात प्यालास म्हण. ते मी केलं नव्हतं, म्हणून म्हटलं नाही. जे केलं ते त्यांनी विचारलंच नाही. मग मी तिथं बाहेर उभा राहून ते देवाला सांगत बसायचो. पाच वर्षं तेच."

खोटं कशाला बोलू, ऐकून मला बरं वाटलं. छातीवरचा दगड अर्धा उतरला. म्हणजे सगळं माझं नाही, त्याचंही आहे. असं क्षणभर वाटलं. आणि मग तो माझ्यासमोर उकिडवा बसला होता तसा दिसला, पन्नाशीही न गाठलेला आणि केस सगळे पांढरे, आणि मला कळलं की मी इथंही तेच करतेय. हलकं व्हायला आले होते, आणि झाले होते.

"मी शुक्रवारी सभेत सांगते," मी म्हटलं.

"सांग. नाहीतर नको सांगू. सभेत माझं नाव लागलं काय, न लागलं काय, त्या पेरूची सवय झालीय मला. पण विमलाला सांग."

"तूच सांग ना. मी सांगितलं म्हणून सांग."

"मी पाच वर्षं सांगतोय," सहदेव म्हणाला.

विमला घरी तांदूळ निवडत होती. मला बघून तिनं सूप बाजूला सारलं आणि चहाचं आधण ठेवायला उठली. मी म्हटलं, "नको. आधी ऐक." आणि उभ्यानंच सांगितलं. रॉकेल, कल्याण, फेस, पातेलं, अंगठा. काही ठेवलं नाही.

ती पुन्हा सुपाशी जाऊन बसली. दोन-तीन खडे काढले.

"त्यांनी मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "राहुरीला आले होते तेव्हाच. मी म्हटलं, लाज वाटत नाही देवाच्या मेजावर ढकलायला? माझ्या आईनं त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं. पाणी दिलं नाही."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"परत आल्यापासून काय करते मी, माहीत आहे? ते घरी आले की दार मी उघडते. लेकीला उघडू देत नाही. दार उघडून त्यांचं तोंड हुंगते. रोज. ते गप उभे राहतात. मग आत घेते." तिनं मान वर केली. "कुत्र्यासारखं हुंगलं गं मी त्या माणसाला. आणि तू माझ्या घरी करंज्या आणत होतीस."

"हो."

"चांगल्या करायचीस करंज्या."

मला वाटलं ती रडेल, म्हणजे मलाही रडता येईल. ती रडली नाही. म्हणाली, "शुक्रवारी सगळ्यांपुढं बोल. मी येते. बोलली नाहीस तर मी उठून बोलीन."

"बोलते. मग मला खोली ठेवतील की नाही, कोण जाणे."

"गेली तर माझ्याकडं येऊ नकोस." ती खडे शोधत राहिली. "आलीस तर घेईन. पण येऊ नकोस."

शुक्रवारी संध्याकाळी सभेला पंचवीस-तीस माणसं होती. विमला बायकांत पुढं बसली होती. सहदेव मागच्या बाकावर. पाळकसाहेब तेव्हा नवीन आलेले, विद्याधर साळवे, तरुण माणूस, चष्मा सारखा वर करायची सवय. त्यांनी विचारलं, "कुणाचं कुणाशी वाकडं आहे का?" नळावरच्या दोघी उठल्या, हात लावून बसल्या. मग मी उठले. गुडघ्यांनी आवाज केला, तो सगळ्यांना ऐकू गेला असावा.

मी सांगितलं. घरी विमलाला सांगितलं होतं तसंच. दोनदा सांगितल्यानं सोपं गेलं नाही.

जयवंतराव पुढच्या बाकावर होते. ते मग उठून म्हणाले, "पाळकसाहेब, गोष्ट फार जुनी आहे. बाईंना आठवतं ते बरोबरच असेल असंही नाही. सहदेवला परत घेऊ, माझी ना नाही. पण देवळात दारू झाली, हे बाहेर गेलं तर? दारूबंदी आहे. मंडळीचं नाव आहे. इथंच मिटवू. वहीत काही नको."

पाळकसाहेबांनी चष्मा वर केला. ते काही बोलायच्या आत मी म्हटलं, "वहीत आहे ते कसं मिटवायचं, साहेब?"

"कोणती वही?"

"बावन्नची. माझा अंगठा आहे त्याच्यात. मी वाचलंय."

जयवंतराव माझ्याकडं बघत राहिले. "नलिनीनं शिकवलं ते याच्यासाठी का?"

मागून कुणीतरी हसलं. नलिनी कोपऱ्यात बसली होती, तिनं मान खाली घातली.

"याच्यासाठी नाही," मी म्हटलं. "पण याच्यासाठी उपयोगी पडलं. मला त्या पानाखाली लिहू द्या. तुमच्या अक्षरावर काट मारू नका. तुम्ही ऐकलं तेच लिहिलं होतंत. खाली मी लिहिते."

पाळकसाहेबांनी स्वतः कपाट उघडून वही आणली आणि मेजावर ठेवली, तबक ठेवतात त्याच जागी. टाक दिला. मी पाटीवर लिहिणारी, टाकाची सवय नाही. अंगठ्याच्या खाली चार बोटं जागा होती. मी लिहायला घेतलं आणि सभा थांबून राहिली. कुणाचं पोर कुरकुरलं, त्याला बाहेर नेलं. एक शब्द लिहून मी टाक बुडवायचे, वाळायची वाट बघायचे. एकदा डाग पडला. लिहिलं ते असं:

"रस आंबला होता. मला माहीत होतं. मी सहदेवला दिला. मी खोटं बोलले. जानकी."

मी टाक ठेवला तेव्हा बाकाचा आवाज झाला. सहदेव उभा होता.

"मलाही एक ओळ लिहायचीय," तो म्हणाला. "मला पहिल्या घोटाला कळलं होतं. तरी प्यालो."

"आता काय सगळे ठरवून आलात का?" जयवंतराव म्हणाले. पण आवाजात धार नव्हती. ते बाकाला धरून खाली बसले. "पाच वर्षं मी याला मेजावरून उठवत होतो," ते शेजारच्याला म्हणाले, हळू, पण मला ऐकू आलं. "मला काही म्हणायचं असेल तर मी नंतर म्हणेन. आज नाही." ते नंतर कधी म्हणाले की नाही, मला माहीत नाही. देवापाशी म्हणाले असतील.

विमला आपल्या जागी बसून होती. सहदेव लिहीत होता तेव्हा तिनं त्याच्याकडं बघितलं. ही ओळ तिलाही नवी होती.

पंचांनी तिथंच ठरवलं. सहदेव या रविवारपासून मेजावर येईल. मी पुढची तीन प्रभुभोजनं दूर राहीन. खोलीचं पुढच्या सभेत बघू म्हणाले. पुढं सभा झाल्या, पण ती गोष्ट कुणी काढली नाही. मीही काढली नाही. दर सभेच्या आदल्या दिवशी मी माझं सामान बघून ठेवायचे, किती आहे, कशात बांधता येईल.

"मग या वेळी रस कोण करणार?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मी करतो," सहदेव म्हणाला. "मला वास कळतो."

आता माणसं मोकळेपणी हसली. पाळकसाहेबही. जयवंतराव तेवढे हसले नाहीत, पण त्यांनी नकोही म्हटलं नाही.

शनिवारी तो माझ्याच स्टोव्हवर रस करायला आला. मी दाराशी बसून सांगत होते, आता उतरव, आता कुस्कर. तो म्हणाला, "मावशी, गप बस. तुझं ऐकून एकदा वाट लागलीय." रस चांगला झाला होता. गाळून झाल्यावर त्यानं फडकं धुतलं, बरणीचं झाकण लावलं आणि बोट चाटलं नाही, ते पाण्यानं धुतलं. हे मी बघितलं.

रविवारी पाळकसाहेबांनी भाकर हातात घेतली तेव्हा मी उठले. चपला हातात घेऊन मागच्या दारानं बाहेर गेले. पेरूखाली जमीन एका जागी गुळगुळीत झालेली होती, तिथंच पाय ठेवले. तिथून मागची खिडकी दिसते. सहदेवही उठला होता. सवयीनं उठला असावा. दाराच्या दिशेनं एक पाऊल टाकलंही होतं. बायकांच्या बाजूनं विमला हळूच म्हणाली, "अहो." एवढंच. तो बसला. तबक त्याच्यापर्यंत गेलं ते मला दिसलं नाही, मधे माणसं होती.

ऊन चढत होतं. उभं राहून गुडघे दुखायला लागले. या जागी माणूस काय करतो, हे मी पाच वर्षं खिडकीतून बघितलं होतं, पण मला कळलं नव्हतं. काही करत नाही. उभा राहतो. मला वाटलं होतं प्रार्थना सुचेल, पण जे वहीत लिहिलं होतं तेवढंच पुन्हा पुन्हा डोक्यात येत होतं. मी तेच म्हणत राहिले.

उपासना सुटली. माणसं माझ्या अंगावरून गेली. काहींनी सलाम केला, काहींनी केला नाही. विमला थांबली. मला म्हणाली, "काल ते रस करून आले, तर मी दार उघडलं आणि तोंड पुढं नेलं. मग मागं घेतलं." तिनं लेकीला जवळ बोलावलं. "मान जाते अजून. सवय आहे." आणि लेकीचा हात धरून गेली.

सहदेव पेले विसळून बाहेर आला. हातात पातेलं होतं, तळाशी रस उरलेला. त्यानं एकदा वास घेतला.

"बाजूला हो, मावशी," तो म्हणाला.

मी बाजूला झाले. त्यानं रस पेरूच्या मुळाशी ओतला आणि तो जिरेपर्यंत आम्ही दोघं तिथं उभे राहिलो.